पगारात मावेल तेवढी खोली

ऑफर लेटरवर ‘३.६ लाख’ असं छापलेलं असतं, तोवर सगळं छान चाललेलं असतं. लातूर, अकोला किंवा सांगलीकडच्या घरात तो आकडा मोठ्याने वाचला जातो, पेढे येतात, आजोबा तो शेजारी जाऊन सांगतात आणि सांगता सांगता साडेचार करतात. मग घरातला एखादा हिशेबी मामा त्याला बाराने भागतो. महिना ३०,००० रुपये. इथपर्यंतही आनंद टिकतो. पुढची वजाबाकी मात्र पहिल्या पगाराच्या दिवशी एकट्याने करायची असते. भविष्य निर्वाह निधीचे १,८०० आपले, आणि कंपनी आपल्यासाठी भरते असं ज्याचं कौतुक वाटत होतं, ते दुसरे १,८०० देखील याच तीस हजारांतले. ग्रॅच्युइटी, विमा, ‘व्हेरिएबल’ नावाचा नशिबावर सोडलेला भाग. शिवाय व्यवसाय कर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. वर्षातल्या सर्वांत लहान महिन्यात सर्वांत जास्त घ्यायचं ज्याला सुचलं, त्याची पुण्यात एखादी खोली भाड्याने दिलेली असणार.

हातात पडतात चोवीस-पंचवीस हजार. नव्या अभियंत्याला मोठ्या आयटी कंपन्या देतात ती रक्कम गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळते आहे. हिंजवडीच्या आजूबाजूचं घरभाडं मात्र या काळात कुठेही घुटमळलं नाही. वाकडला बऱ्यापैकी सोसायटीतला वन बीएचके आज वीस हजारांच्या घरात जातो. पंचवीसातून वीस गेले, राहिले पाच. त्या पाचात जेवण, पेट्रोल, मोबाइल, गावाकडे पाठवायचे पैसे आणि शनिवारी रात्री आपण पुण्यात आहोत याची खात्री पटावी म्हणून करायचा किरकोळ खर्च.

हे बसत नाही, हे चौथीतल्या पोरालाही कळेल. तरी वाकड, ताथवडे, बाणेर, खराडी तरुण नोकरदारांनी गच्च भरलेली आहेत, आणि त्यातले बहुतेक जण महिन्याच्या शेवटी जिवंतही असतात. म्हणजे कुठेतरी काहीतरी बसवलं जातं आहे.

आर्थिक सल्ला देणारी मंडळी मोबाइलच्या पडद्यावरून सांगतात, की भाडं पगाराच्या तीस टक्क्यांवर जाता कामा नये. सांगण्याचा सूर असा, की हे उपनिषदांत आहे. प्रत्यक्षात हा आकडा अमेरिकेच्या सरकारी घरांच्या नियमातून आला. एडवर्ड ब्रूक या सिनेटरच्या दुरुस्तीने १९६९ मध्ये तिथल्या सार्वजनिक घरांचं भाडं भाडेकरूच्या उत्पन्नाच्या पाव हिश्शापुरतं मर्यादित केलं. १९८१ मध्ये सरकारला पैसे वाचवायचे होते, म्हणून पंचवीसचे तीस झाले. एका खर्चकपातीतून निघालेला तो आकडा पुढे जगभर शहाणपण म्हणून फिरला. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८६८ मध्ये, बर्लिनच्या हेर्मान श्वाबे या संख्याशास्त्रज्ञाने उलट्या बाजूने तेच पाहिलं होतं: उत्पन्न जितकं कमी, तितका भाड्याचा हिस्सा मोठा. याला श्वाबेचा नियम म्हणतात. वाकडमध्ये तो कुणी वाचलेला नसला तरी पाळतात सगळे.

गंमत अशी, की वाकडमधल्या एखाद्या पोराला ‘पगारातले किती टक्के भाड्यात जातात?’ असं विचारलं, तर तो बऱ्याचदा ‘तीसेक टक्के’ असंच सांगतो. खोटं बोलत नाही. तीस हजारांचा टू बीएचके चौघांनी घेतला, तर माणशी साडेसात हजार येतात आणि पंचवीस हजारांवर ते बरोबर तीस टक्के होतात. तीस टक्क्यांच्या नियमाला बोट लावायला जागा नाही. फक्त घराच्या जागी पाव घर आलं. टक्केवारी जागेवर ठेवायची आणि घराचे तुकडे पाडत जायचे, हा शहरातल्या भाड्याचा खरा हिशेब आहे. भाडं पगारात मावत नाही, म्हणून माणूस खोलीत मावेल तेवढा घडी घालून ठेवला जातो.

ही घडी घालणं सोपं नसतं. पहिली बैठक मास्टर बेडरूमवर होते. आतल्या दोघांना स्वतंत्र बाथरूम आहे, तेव्हा त्यांनी पाचशे-पाचशे जास्त द्यावेत, असा ठराव बाहेरचे दोघे मांडतात. आतले दोघे म्हणतात, त्या बाथरूममधला गीझर बंद आहे. मग गीझर दुरुस्त झाल्यास पाचशे, न झाल्यास तीनशे, अशी तडजोड निघते. तीत करारनाम्यापेक्षा जास्त कलमं असतात. सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे की वर, हे मालकाला विचारायचं राहूनच गेलेलं असतं. स्वयंपाकाच्या मावशींचे पैसे सारखे वाटायचे, पण जो फक्त अंडी खातो त्याचं काय? वायफाय सगळ्यांचं, पण घरून काम एकाचंच. महावितरणचं बिल उन्हाळ्यात अचानक वाढलं, की एसी कुणाच्या खोलीत आहे याचा तपास सुरू होतो. हे सगळं एका ॲपवर नोंदवलेलं असतं आणि त्या ॲपनुसार चारातले तीन जण कायम चौथ्याचं देणं लागतात.

आणि मग पाचवा येतो. कुणाचा तरी मावसभाऊ, ‘फक्त पंधरा दिवस’, हॉलमध्ये गादी टाकून. पाच माणसांत तीस हजार म्हणजे माणशी सहा, टक्केवारी थेट चोवीसवर. पाचवा माणूस ठेवावा का, हा तत्त्वाचा प्रश्न असतो आणि तो साधारण पंचवीस तारखेच्या सुमारास सुटतो. मालकाला कळवलेली डोकी आणि दाराबाहेरच्या रॅकवरचे चपलांचे जोड यांचा मेळ घालायचं काम सोसायटीचे सेक्रेटरी फुकट करतात.

शंभर वर्षांपूर्वीची मुंबई याच पद्धतीने चालायची. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये शहरातल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली आणि फिंडले शिरस यांचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. त्यात अन्नावर ५६.८ टक्के, कपड्यांवर ९.६, सरपण-दिवाबत्तीवर ७.४ आणि घरभाड्यावर ७.७ टक्के. खर्चातले जेमतेम पावणेआठ टक्के! आजच्या पोराने हे वाचलं तर तो त्या काळात परत जायला पर्सनल लोन काढेल. पण तिथे गेल्यावर त्याला जे घर दाखवलं जाईल, ते म्हणजे चाळीतली एक खोली. त्याच दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला बांधलेल्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची होती, आणि तीत संसार उभा राहायचा. गिरणीतल्या एकट्या पुरुषांचं तर विचारूच नका. कोकणातल्या आणि घाटावरच्या एकेका गावाने लालबाग-परळकडे खोली धरलेली असायची. भिंतीला टेकून ट्रंका, वर खुंट्या, कोपऱ्यात वळकट्यांची चवड. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी येऊन आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. भाड्याचा हिस्सा लहान राहायचा कारण माणसाच्या वाट्याची जमीन लहान होती. आज खराडीच्या फ्लॅटमध्ये अमेरिकन ग्राहकांच्या वेळेनुसार काम करणारा सकाळी सातला येऊन झोपतो, तेव्हा त्याचा रूममेट नुकताच उठून कामाला निघालेला असतो. भोंगा तेवढा आता उशाखालच्या फोनमध्ये आला आहे.

पुण्याने या विद्येला स्वतःचं नाव दिलं: कॉट बेसिस. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत घर भाड्याने मिळत नाही, खोलीही सहसा मिळत नाही, खाट मिळते. स्पर्धा परीक्षा देणारे, सीए करणारे, पहिल्या नोकरीतले, सगळे एका रांगेत. भाडं खाटेचं, खाटेखालची जागा सामानाला, खाटेवरची हवा सामायिक. कपाटाचा एक कप्पा मिळाला तर त्याचा उल्लेख जाहिरातीत ‘सर्व सोयींनी युक्त’ असा होतो. अशा खोल्यांत भिंतीवर सूचना असतात. पुणेरी पाट्यांवर पुस्तकं निघाली, पण या आतल्या पाट्या अजून कुणी गोळा केलेल्या नाहीत. त्यात आंघोळीच्या पाण्याची वेळ, दिवा मालवायची वेळ, चार्जिंगचा पॉइंट कुणी किती वापरावा आणि ओला टॉवेल कुठे ‘टाकू नये’ याचं तपशीलवार विवेचन असतं. टॉवेल कुठे टाकावा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

इकडे सरकारी आकडे पाहावेत, तर भाडं म्हणजे काहीच नाही. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाच्या खर्चात घरभाड्याचा हिस्सा साडेसहा टक्क्यांच्या आसपास निघाला. आकडा चुकीचा नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहरांतली २७.५ टक्के कुटुंबंच भाड्याने राहत होती. बाकीचे बहुतेक स्वतःच्या घरात, आणि स्वतःच्या घरात राहणारा भाडं देतो शून्य. कोथरूडच्या काकांचं शून्य आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या पोरींचे चाळीस टक्के एकत्र घालून सरासरी काढली, की देशात भाड्याचा फारसा प्रश्न उरत नाही.

पगाराच्या पावतीवर ‘एचआरए’ नावाची एक ओळ असते. घरभाडे भत्ता. ती पाच-सहा हजार असते. ही रक्कम ठरवणाऱ्याने शेवटचं घर कुठल्या साली शोधलं, याचा शोध घेण्यासारखा आहे. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत या भत्त्यावर सूट मिळते. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत राहणाऱ्यासाठी मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरत्र ४० टक्क्यांपर्यंत, अशी मर्यादा वर्षानुवर्षं होती. म्हणजे करखात्याच्या लेखी पुणे आणि बंगळुरू ही निवांत गावं होती. नव्या करपद्धतीत ही सूट नाही, आणि पंचवीस हजारवाल्याला करच लागत नाही, तेव्हा त्याच्या दृष्टीने सूट असली काय, नसली काय. ज्यांना ती लागते ते आई-वडिलांना भाडं दिल्याच्या पावत्या करतात. वर्षाला लाखावर भाडं गेलं तर मालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून अनेक मालक आपला पॅन आणि वय दोन्ही सांगत नाहीत.

मालक स्वतः मात्र पुष्कळ विचारतात. नोकरी कुठे? गाव कुठलं? किती जण? लग्न झालंय? ठरलंय? नॉनव्हेज खाता? बाहेर खाऊन येता की घरी करता? मित्र येतात? मैत्रिणी? आडनाव काय म्हणालात? या सगळ्या प्रश्नांत ‘पगार किती?’ हा प्रश्न सहसा नसतो. भाडं कुठून भरायचं ही भाडेकरूची खाजगी बाब मानली जाते. कुकरमध्ये काय शिजतंय ही मात्र मालकाची. आणि काही आडनावं ऐकल्यावर एकदम, ‘अहो, आत्ताच दुसऱ्या पार्टीने टोकन दिलं,’ असं निघतं. दुसरी पार्टी बहुतेक वेळा नसतेच. ज्याला हे वाक्य पाच ठिकाणी ऐकावं लागतं, तो सहाव्या ठिकाणी मागतील ते भाडं मुकाट्याने देतो. तो फरक कुठल्याच पाहणीच्या रकान्यात येत नाही.

एकट्या पुरुषांना घर मिळत नाही यावर मराठीत १९८८ सालीच ‘अशी ही बनवाबनवी’ येऊन गेला. सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला. चौघे तरुण, लीलाबाई काळभोरांचा बंगला, अट अशी की जोडपीच पाहिजेत. मग दोघांनी लुगडी नेसायची. महाराष्ट्र हा सिनेमा पन्नास वेळा पाहून पन्नास वेळा हसला. ऑनलाइन जाहिरातींत ‘ओन्ली फॅमिली’ वाचून फोन ठेवणाऱ्यांना त्यातला लुगड्याचा उपाय अजूनही अगदीच अव्यवहार्य वाटत नसेल, कारण पुढचा तोडगा दहा हजारांनी महाग असतो.

मुलींचं गणित वेगळं आहे. त्यांना घर लवकर मिळतं, असं सगळे म्हणतात. कुठल्या अटीवर, हे कुणी सांगत नाही. पीजीचं फाटक दहाला बंद आणि शिफ्ट सुटते अकराला. मग कंपनीचं पत्र आणा, पालकांचा फोन द्या, आणि तरी वॉचमनची नजर झेला. स्टेशनपासून दहा मिनिटं आत स्वस्त खोली असते. ते दहा मिनिटांचं अंतर रात्री पार करावं लागू नये म्हणून मुलगी दोन-तीन हजार जास्त देते. तिच्याएवढाच पगार असलेला मुलगा ते वाचवतो, आणि वर तिलाच बचतीवर दोन शब्द सुनावतो.

मुंबईकर या चर्चेत आतापर्यंत गप्प होता, कारण तो लोकलमध्ये उभा होता. अंधेरीत वन बीएचके चाळीस हजारांच्या आसपास, नालासोपारा-विरारला आठ-दहा हजारांतही मिळून जातो. यातला फरक रेल्वे भरून काढते. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये. जगात एवढ्या स्वस्तात एवढ्या लांब नेणारी आणि एवढं पिळून काढणारी गाडी दुसरी असेल असं वाटत नाही. जाता-येता रोजचे तीन तास, महिन्याला पाऊणशे. ज्याच्या तासाला शंभर-सव्वाशे रुपये पडतात, त्याने हे तास भाड्यात मिळवून पाहावेत. विरारचे दहा हजार बघता बघता अठरा-एकोणीस होतात. मुंबईकर हा हिशेब करत नाही. बोरिवलीला खिडकी मिळण्याची शक्यता आहे का, एवढाच हिशेब तो करतो.

घर मिळालंच, तर कागद करावा लागतो. कागद अकरा महिन्यांचा. का? कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अकराचा केला की सुटका. देशभर चालणारी ही युक्ती महाराष्ट्रात चालत नाही. इथला भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची, चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. तरी सगळे अकराच महिने लिहितात. एजंटला विचारलं तर तो म्हणतो, ‘सर, सिस्टिम आहे.’ मुद्रांक शुल्क तसं माफक, एकूण भाड्याच्या पाव टक्का. पण तो हिशेब करताना सरकार मालकाकडे ठेवलेल्या डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरून तेही भाड्यात मिळवतं. म्हणजे आपल्या पैशांवर मालकाला किती फायदा होतो हे सरकारला पक्कं ठाऊक आहे, आणि त्यावरचं शुल्क बहुतेकदा भरतो भाडेकरू.

मालकांची ही अकरा महिन्यांची धास्ती उगाच आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, गिरण्या बंद पडल्या, भाडं तिथेच. गिरगाव-काळबादेवीकडे आजही पागडीच्या घरांत महिन्याला काहीशे रुपये देऊन राहणारी कुटुंबं आहेत, आणि इमारत दुरुस्त करायला मालकाकडे पैसे नाहीत, निदान तो तसं म्हणतो. एकदा शिरलेला माणूस निघत नाही, ही भीती तेव्हापासून घरमालकांच्या तीन पिढ्यांत वारसाहक्काने उतरली. तिचा हप्ता भरतो तो लातूरहून आलेला पोरगा. त्याला वर्षभरही एका पत्त्यावर राहायचं नसतं, कारण तेवढ्यात प्रोजेक्ट बदलतो.

डिपॉझिट हे वेगळं प्रकरण. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं, मुंबईत तीन ते सहा, बंगळुरूला तर दहा महिन्यांची रीत होती. अंधेरीचं ते चाळीस हजारांचं घर घ्यायचं, तर किमान सव्वा लाख डिपॉझिट, चाळीस ब्रोकरेज, चाळीस आगाऊ भाडं. खुंटीला शर्ट अडकवायच्या आधी दोन लाख गेले. नोकरी मिळाली म्हणून शहरात यायचं आणि शहरात यायला वडिलांच्या मुदत ठेवीला हात घालायचा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच आहे. पण तो आदर्श कायदा आहे, आणि आदर्श राज्यांनी स्वीकारावा लागतो. घर सोडताना डिपॉझिट परत मिळतं, रंगाचे पैसे कापून. भिंती मुळात ज्या रंगाच्या होत्या त्याच रंगाच्या राहिल्या असल्या तरी रंगाचे पैसे कापतात. तो रंग नेमका कधी मारतात, हे पुढच्या भाडेकरूलाही कधी दिसत नाही.

यात मालक गडगंज होतो असंही नाही. कोटीचा फ्लॅट महिना पंचवीस-तीस हजारांनी जातो, म्हणजे वर्षाला तीन-साडेतीन टक्के. बँकेत पैसे ठेवले असते तर जास्त मिळाले असते, हे मालक एजंटला सांगतो, एजंट भाडेकरूला सांगतो, आणि भाडेकरूच्या डोळ्यांत पाणी येतं ते वेगळ्या कारणाने. वर सोसायटी ‘नॉन-ऑक्युपन्सी’ म्हणून मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत लावते. त्यापेक्षा कुलूप बरं, असं पुष्कळांना वाटतं. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी सापडली होती. एकीकडे पाच जणांचा टू बीएचके आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर कुलूपबंद थ्री बीएचके. पंखे, मॉड्युलर किचन, प्लॅस्टिकच्या आवरणातला सोफा, सगळं घर कुणाची तरी गुंतवणूक म्हणून निवांत बसलेलं.

कोथरूडच्या काकांचा मुलगा गेल्या वर्षी म्युनिकला गेला. शहर जर्मनीतल्या सर्वांत महागड्या भाड्यांसाठी प्रसिद्ध. तिथे डिपॉझिट कायद्यानेच तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापुरतं बांधलेलं आहे, हे ऐकून काकांना तो देश जरा ढिलाच वाटला. पण मुलाने पुढची कहाणी सांगितली. एक खोली बघायला जिन्यापासून रस्त्यापर्यंत माणसांची रांग. प्रत्येकाच्या हातात फाइल. फाइलमध्ये मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, कर्ज-हप्त्यांची नियमितता सांगणारं ‘शूफा’चं प्रमाणपत्र, आणि आपण कसे शांत, स्वच्छ, संगीत न वाजवणारे आहोत यावर एक पानभर निबंध. घरमालकीणबाईंनी चष्मा वर करून पावती पाहिली आणि भाडं हातातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त होतंय म्हणून फाइल परत दिली.

काका संतापले. ‘पगार विचारते म्हणजे काय? माणसाला काही इभ्रत असते की नाही? आणि निबंध कसले लिहून घेतात?’ काकूंनी फोन ओढून घेऊन विचारलं, तिथे नॉनव्हेज करत नाहीत ना रे त्या खोलीत. दोन महिन्यांनी मुलाला जागा मिळाली ती तीन परक्या मुलांबरोबरच्या फ्लॅटमधली एक खोली, स्वयंपाकघर सामायिक. पगाराच्या तिसऱ्या हिश्शात अगदी बरोबर बसली.

त्याच आठवड्यात काकांच्या वरच्या वन बीएचकेमधल्या दोन मुलींचा करार संपत होता. काकांनी मेसेज पाठवला: दहा टक्के वाढ, आणि गॅलरीतल्या कुंड्या रविवारपर्यंत हलवाव्यात. मुलींनी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि ऑफिसच्या ग्रुपवर विचारलं, कुणाला हॉलमध्ये राहायला चालेल का, फक्त मुलगी पाहिजे, गादी आमच्याकडे आहे.